युनिटीचा गेम गिटवर टाकताना पुश अडतोय, प्रीफॅब 'मिसिंग' दाखवतोय

तटबंदी: आम्ही चौघं सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावर युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) गेम करतोय. दोघं 'जुळे सोलापूर' भागात, दोघं होटगी रोडला. आजवर पेनड्राइव्ह फिरायचा, आता गिटहब घेतलं (गिटनं नोंदवलेले फाइलींचे बदल ऑनलाइन ठेवायची जागा). चादरीच्या नक्षीची १४० एमबीची पीएसडी (फोटोशॉपची फाइल) अडली, म्हणून डिलीट करून पुन्हा कमिट केलं (बदल नोंदवला). तरी पुश (गिटहबवर पाठवणं) होत नाही. शिवाय दुसऱ्याच्या मशीनवर बुरुजांचे प्रीफॅब (पुन्हा वापरायचे तयार साचे) 'मिसिंग' येतात. काय करावं?

पार्कचौक: गिटहब १०० एमबीवरची फाइल घेत नाही. डिलीट केली तरी ती जुन्या कमिटमध्ये आहेच, आणि पुश करताना तो कमिटही जातो. आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढा. मग 'गिट एलएफएस इन्स्टॉल' (एलएफएस मोठ्या फाइली वेगळ्या साठवतं) आणि त्यानंतर 'गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट' चालवा. इन्क्लूडमध्ये पीएसडी, एफबीएक्स (थ्रीडी मॉडेल), वॅव्ह (आवाज) द्या. नुसतं 'ट्रॅक' करून भागणार नाही, ते पुढच्या कमिटपुरतंच. मायग्रेटनं जुने कमिट नव्यानं लिहिले जातात, म्हणून बाकी तिघांनी आपलं क्लोन (मशीनवरची प्रत) टाकून नवं घ्यायचं. कुणी जुन्यातून पुश केलं की घोळ परत सुरू. आणि एलएफएसमध्ये पीएसडीच्या प्रत्येक बदलाला अख्खी फाइल नव्यानं साठते, तेव्हा रंग जरा बदलला की कमिट, असं नको.

काठीवाला: 'मिसिंग'चं कारण बहुतेक मेटा फाइल (प्रत्येक असेटशेजारी युनिटी बनवतं ती). युनिटी प्रत्येक असेटला (चित्र, मॉडेल, आवाज वगैरे) मेटात एक जीयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, देतं. सीन आणि प्रीफॅब त्या जीयूआयडीनं असेट ओळखतात, नावानं नाही. मेटा गिटमध्ये नसेल तर समोरच्याचं युनिटी नवा जीयूआयडी बनवतं आणि दुवा तुटतो. गिटइग्नोर (गिटनं वगळायच्या फाइलींची यादी) उघडून बघा.

ज्याच्याकडे सीन नीट दिसतो त्यानंच मेटा कमिट करावेत. बाकीच्यांनी युनिटी बंद करून आपले मेटा उडवावेत, मग पुल (गिटहबवरचं नवं आणणं). फाइल हलवायची ती युनिटीच्या प्रोजेक्ट विंडोतूनच. विंडोजच्या फोल्डरातून हलवली की मेटा मागे राहतो.

असेट्स, पॅकेजेस, प्रोजेक्टसेटिंग्ज हे फोल्डर गिटमध्ये ठेवा. लायब्ररी, टेम्प, लॉग्ज बाहेर. लायब्ररी युनिटी स्वतः पुन्हा बनवतं.

तटबंदी: सापडलं, गिटइग्नोरमध्ये मेटाची ओळ होती. लायब्ररी तर आधीच कमिट झालीय, ती कशी काढू?

काठीवाला: नुसतं इग्नोरमध्ये लिहून निघणार नाही. 'गिट आरएम'ला 'आर' आणि 'कॅश्ड' पर्याय लावून लायब्ररी द्या, मग कमिट. डिस्कवरचं फोल्डर तसंच राहतं.

पार्कचौक: पीएसडीला गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये (कोणती फाइल कशी हाताळायची ते सांगणारी गिटची फाइल) 'लॉकेबल' लावा. ती रीड-ओन्ली राहते, 'गिट एलएफएस लॉक' केल्यावरच लिहिता येते. पीएसडी मर्ज होत नाही, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत. दोघांनी एकदम रंगवली तर एकाचं काम जातं. पुश झाल्यावर अनलॉक करा, नाहीतर बाकीचे अडकून बसतात.