स्लूथहाउंड ‘नामशेष’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गंगाथडी: काल कुणीतरी ठोकून दिलं, की स्कॉटलंडचा स्लूथहाउंड, म्हणजे चोरांचा माग काढणारा कुत्रा, समूळ संपला, आजच्या ब्लडहाउंडशी त्याचा काडीचाही संबंध नाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय. गुरं पळवली की सहा दिवसांच्या आत भाल्यावर जळाऊ मातीचं पेटतं ढेकूळ लावून, शिंग फुंकत, हा कुत्रा पुढे घालून इंग्लंड-स्कॉटलंडची सरहद्द ओलांडायचा हक्क होता. हाच ‘हॉट ट्रॉड’. कुत्र्याला वाट अडवणारा चोराचा साथीदार ठरे. १६०३ ला दोन्ही राज्यांना एकच राजा मिळाला आणि कुत्र्याचं काम गेलं. रक्त मात्र ब्लडहाउंडात उतरलं.

काळीमाती: काम गेलं? १६१६ ला इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या कंबरलंडात गावकऱ्यांच्या खर्चाने असे कुत्रे ठेवायचा हुकूम निघाला, तो कशाला मग? आणि रक्ताचा पुरावा काय? कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लबच निघाला १८७३ ला. त्यानंतर शोच्या हौसेपायी ब्लडहाउंडचं काय केलंय बघा. पापण्या लोंबतात, डोळ्यांतून सतत पाणी. हा म्हणे त्या कुत्र्याचा वारस!

ओढ्याकाठी: वारसा राहू द्या, नाकाचं बोला. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा श्वानपथक आलं. कुत्रा गोठ्यातून निघाला तो थेट ओढ्यापर्यंत, तिथेच घुटमळला. संपलं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसही मागावरच्या कुत्र्यापासून असाच पाण्यातून चालत सुटला ना?

काळीमाती: ब्रूसची कथा अर्धीच सांगू नका. ती लिहिणाऱ्या कवी जॉन बार्बरनेच दुसरी हकिगतही दिलीय, की एका तिरंदाजाने कुत्रा मारला म्हणून ब्रूस वाचला. तीही घटनेनंतर साठ-सत्तर वर्षांनी.

ओढ्याकाठी: आमचा बैल गेला तो खरा होता! पाण्यात वास टिकत नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

गंगाथडी: वास काठच्या गवतावरही बसतो. तुमच्या श्वानपथकाने पलीकडचा काठ तपासला का?

ओढ्याकाठी: नाही. अंधार पडला म्हणून गाडीत बसवून नेला.

गंगाथडी: मग दोष पाण्याचा की माणसांचा? सरहद्दीवरचे लोक कुत्र्यामागे रात्ररात्र पळायचे.

काळीमाती: हे मात्र पटलं. १६१६ चं उत्तर अजून आलेलं नाही.

गंगाथडी: बरं, १६०३ ला एका झटक्यात काम संपलं नाही, मान्य. चोऱ्या हळूहळू आटल्या, तसे कुत्रेही. पण माग काढायचं काम ब्लडहाउंडकडेच राहिलं, नावापुरतं नव्हे. लोंबत्या पापण्यांचा राग शोवाल्यांवर काढा, कुत्र्यावर नको.

काळीमाती: कागद दाखवा, मग रक्ताचं बोलू.