मूल ऑनलाइन गेममध्ये चीटिंग करतंय हे कळलं तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

फोंडा, आई
चतुर्थीला घर भरलेलं होतं. सोप्यावर पोरं मोबाइल घेऊन बसली होती. पुतण्या माझ्या मुलाला म्हणाला, "तुझ्यासंगे नाही खेळणार, तू हॅक लावतोस." मला वाटलं, नेहमीचं भांडण. रात्री विचारलं तर त्याचे डोळे भरून आले. वय 15. भिंतीआडचे खेळाडू दाखवणारा वॉलहॅक तो तीन महिने वापरत होता. ओरडू की जवळ घेऊ, कळेना. तुमच्या घरी असं घडलं असेल तर कृपया लिहा. नाव नको, गाव पुरे.

डिचोली, बाबा
आमच्याकडे बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमची आयडी, म्हणजे मुलाचं खातं, बॅन झाल्यावर कळलं. एक-दोन दिवस नव्हे, 10 वर्षं! मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. खरं सांगतो, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग खोदून विचारलं. कुठल्याशा ग्रुपवरून हॅक चालू करायची आठवड्याची 'की' (कोड) विकत घ्यायची, एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरची अॅपची फाइल, टाकायची, त्यासाठी धोक्याची अॅप्स अडवणारं प्ले प्रोटेक्ट बंद करायचं. पैसे आत्याच्या यूपीआयवरून. आणि हे सगळं माझ्या फोनवर, जिथं माझं बँकेचं अॅप आहे! दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, हा फोन पूर्ण रिसेट केला.

पण मला लागलं ते वेगळंच. त्याच्या स्क्वाडमधली बाकीची तिघं सावंतवाडी-कोल्हापूरकडची पोरं. आपण मेहनतीनं जिंकतोय, असं ती समजत होती. मी म्हटलं, शिक्षा काही नाही, पण त्यांना तू स्वतः सांग. चार दिवस लागले त्याला. एकानं ब्लॉक केलं. एकाचा अजून फोन येतो.

मडगाव, आई
धाकट्यानं घरच्या कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये एमबॉट लावला. नेम आपोआप लागतो म्हणे. त्या गेमचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, व्हॅनगार्ड, नुसत्या खात्यावर थांबत नाही, मशीनच ओळखून अडवतं. त्यामुळे थोरल्याचा, काही न करता, खेळ बंद पडला. दोघं भाऊ महिनाभर बोलत नव्हते.

म्हापसा, आई
माझा अनुभव उलटा आहे, पण लिहायलाच हवा. मुलाला सगळे हॅकर म्हणायचे. शेजारणीनंही येऊन सांगितलं. मी चौकशी न करता मोबाइल काढून घेतला, नको ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "आई, तू एकदा बघ तरी." बघितलंच नाही मी. पंधरा दिवसांनी त्याच्या मामानं शेजारी बसून दोन तास त्याचा खेळ पाहिला. फोनमध्येही काही सापडलं नाही. पोर खरंच चांगलं खेळतं. मी माफी मागितली. तो "असू दे" म्हणाला, पण तेव्हापासून खेळताना दार लावून घेतो. म्हणून विनवते, आधी शेजारी बसा.

फोंडा, आई
म्हापशाच्या ताई, तुमचं वाचून काल त्याच्याजवळ बसले. त्यानं ती एपीके माझ्यासमोर काढून टाकली. का केलंस विचारलं, तर पुतण्याबद्दल म्हणाला, "दादा नेहमी मलाच शेवटी निवडायचा." हे मला तीन महिन्यांत दिसलं नव्हतं. आता नवी आयडी, सगळ्यात खालच्या ब्राँझ पातळीपासून. पुतण्याला त्यानं सगळं खरं लिहून पाठवलंय. अजून उत्तर नाही. रात्री झोपेपर्यंत फोन उघडून बघत होता.