चोडणला ओहोटी बघून जा
गोव्यातल्या चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात नुसता चिखल दिसला, असं तुम्ही लिहिलंय. अहो, तो चिखलच तर बघायचा! पुढच्या वेळी ओहोटीला रायबंदरहून फेरीबोट घ्या आणि खारफुटीच्या मुळांपाशी पाच मिनिटं न हलता उभे राहा. एकच मोठी नांगी हलवत खेकडे बिळांतून वर येतात, मग टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, आणि वर फांदीवर टपलेला खंड्या. जागा जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, १९८८ साली राखलेली. बेटावरच्या खाजनांची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांची, रीत मात्र पोर्तुगीजांच्याही आधीची. भरतीच्या दाबाने मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरतं. मला अभयारण्याइतकीच या बांधांची काळजी वाटते.