खाडीची चिंबोरी भरलेली आहे, हे विकत घेताना कसे ओळखावे?

प्रश्न
बाजारातून आणलेल्या खाडीच्या मोठ्या चिंबोऱ्यांपैकी काही फोडल्यावर आत पाणीच निघाले आणि मांस सैल लागले. पौर्णिमेला चिंबोरी पोकळ असते व अमावास्येला भरते, असे आमच्याकडे मानतात. पण मग एकाच पाटीतल्या, एकाच दिवशी धरलेल्या चिंबोऱ्यांत हा फरक का पडावा?

उत्तर 1
याचे कारण चंद्रापेक्षा कातीत अधिक आहे. चिंबोरीचे कवच वाढत नसल्यामुळे तिला वाढण्यासाठी जुने कवच टाकावे लागते, आणि ते टाकताच ती पाणी शोषून अंग फुगवते, म्हणजे नवे कवच मोठ्या मापाचे होऊन घट्ट होते. त्या मापाचे मांस आत भरायला मात्र पुढे काही आठवडे लागतात. प्रत्येक चिंबोरी आपापल्या वेळी कात टाकते, म्हणून एकाच पाटीत दोन्ही प्रकार सापडतात.

उत्तर 2
सारख्या आकाराच्या दोन चिंबोऱ्या हातात तोलून पाहाव्यात. भरलेली स्पष्टपणे जड लागते. नांग्या ओल्या सुतळीने जाड बांधलेल्या असतील, तर तेही वजन लक्षात घ्यावे. नंतर पोटाकडच्या कवचावर, मागच्या पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबावे आणि कवच दबले तर ती घेऊ नये. पोट पांढरेशुभ्र, चकचकीत असेल तर कात नुकतीच टाकलेली असते. जुन्या कवचावर पिवळट-तपकिरी डाग दिसतात. पोकळ चिंबोरी वाया जात नाही, कारण पाण्यातल्या बंदिस्त कोंडवाड्यात ठेवून स्वस्त मासळी खाऊ घातली, तर ती साधारण महिन्याभरात भरते. सिंधुदुर्गात कांदळवनाच्या काठी असे पालन होते.

उत्तर 3
एक विनंती आहे. मादीची पोटावरची झडप रुंद व गोलसर असते, नराची निमुळती. आतली केशरी लाख, म्हणजे अजून बाहेर न आलेली अंडी, अनेकांना आवडते आणि ती खाण्यात वावगे नाही. पण झडपेखाली बाहेर अंड्यांचा पुंजका दिसत असेल, तर ती मादी घेऊ नये, आणि जाळ्यात आली तर जिवंत सोडावी. अशी मादी खाडीतून खुल्या समुद्राकडे निघालेली असते, कारण तिच्या पिल्लांना सुरुवातीला समुद्राचे खारे पाणी लागते, आणि तिच्या अंगावर लाखो अंडी असतात. गिऱ्हाइकांनी अशी मादी नाकारली, तर ती पाटीत येणेही कमी होईल.