थर्मोस्टॅटचा रात्रभर खट्ट खट्ट आवाज, आईची झोप होत नाहीये

गोधडी_मॉन्ट्रियल: नमस्कार मंडळी, मॉन्ट्रियलमध्ये भाड्याचा फ्लॅट आहे, जुनी बिल्डिंग, प्रत्येक खोलीत जमिनीलगत लांबट इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर आणि भिंतीवर तापमान ठरवायचा गोल बटनाचा थर्मोस्टॅट. दिवसा कळत नाही पण रात्री बाहेर उणे वीस झालं की दर पाच-सात मिनिटांनी खट्ट, मग हीटर टिकटिक करत तापतो, परत खट्ट. आई सोलापूरहून आलीये, तिची झोप आधीच सावध, आणि तो डबा नेमका तिच्या उशाशी. काल तिने न सांगता हीटरच बंद केला आणि कुडकुडत पडून राहिली, सकाळी कळल्यावर खूप वाईट वाटलं. उघडून थोडं तेल घालू का?

वायरमन७७: तेल अजिबात नको, उघडूही नका!! त्या डब्यात २४० व्होल्ट थेट येतात, फर्नेसवाल्या (एकाच भट्टीतून घरभर गरम हवा देणाऱ्या) घरातल्या २४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटसारखं नाहीये ते. आत दोन धातूंची पट्टी असते, तापमान बदललं की ती वाकते आणि कॉन्टॅक्ट झटक्यात जोडतो किंवा तुटतो. झटका मुद्दाम ठेवलेला असतो, हळू तुटला तर ठिणगी जास्त वेळ राहून कॉन्टॅक्ट जळतात. म्हणजे खट्ट हा बिघाड नाही. पण बारीक चरचर किंवा गुणगुण येते का, जळका वास, कव्हर पिवळं पडलंय का? तसं असेल तर आजच ब्रेकर ऑफ करा आणि घरमालकाला फोन, थांबू नका.

गोधडी_मॉन्ट्रियल: आत्ता कान लावून ऐकलं, चरचर नाही, वासही नाही. फक्त खट्ट आणि टिकटिक.

कोथरूडची_लेक: आमच्याकडे लेकाच्या खोलीत हेच होतं. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट बसवून घेतला आणि शांत झालं, पण घेताना ट्रायॅकवाला (म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक स्विच असलेला) आहे का ते विचारा, रिलेवाला (चुंबकाने हलणारा स्विच असलेला) घेतलात तर तोही टक टक करतोच. ट्रायॅकमध्ये हलणारा भागच नसतो, तो काही सेकंदांच्या हप्त्यांनी थोडी थोडी वीज देतो, त्यामुळे हीटर एकदम तापून एकदम गार होत नाही आणि पत्रा प्रसरण पावताना जी टिकटिक होते तीही बरीच कमी झाली आमच्याकडे. बेसबोर्डसाठीचाच घ्या, २४ व्होल्टवाला चालणार नाही. आणि हीटरचे वॅट बघा, सहा फुटी साधारण १५०० वॅटचा असतो, थर्मोस्टॅटवर लिहिलेली मर्यादा त्याहून जास्त हवी. क्वेबेकमध्ये, म्हणजे तुमच्या मॉन्ट्रियलच्या प्रांतात, हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं असतं, तर घरमालकाला लेखी कळवा.

वायरमन७७: बरोबर. तोवर ब्रेकर ऑफ करून, हीटर पूर्ण गार झाल्यावर आतल्या पातळ धातूच्या पात्यांमधली धूळ व्हॅक्यूमने काढा. आवाज दाबायला थर्मोस्टॅटवर कापड वगैरे बांधू नका, त्याला खोलीची हवा कळणार नाही आणि खोली भलतीच गार नाहीतर गरम होईल. हीटरवर गोधडी, ओले कपडे तर नकोतच.

गोधडी_मॉन्ट्रियल: खूप आभार दोघांचे. मालकाला मेल केलाय, इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतोय म्हणाले. पलंग फिरवून आईची उशी खिडकीपासून लांब, दुसऱ्या भिंतीला केली, हीटर २१ वर चालू आहे आणि तिला सांगितलंय की आवाज आला तरी बंद करायचा नाही, मला उठव.