अनुभव धागा : रानातलं, परसातलं... शिजवण्याच्या आधीचं सगळं

पाऊस सुरू झाला की रानभाज्यांचे व्हिडिओ धडाधड यायला लागतात आणि सगळ्यांत भाजी आधीच निवडून, चिरून ताटात तयार असते. मग पुढे काय, कांदा लसूण मिरची खोबरं, ते तर आपण दुधीलाही घालतो. खरा वैताग त्याच्या आधीचा असतो. म्हणून पाककृती नकोत, कुठून आणलं, कसं ओळखलं, काय टाकून दिलं, खाज नाहीतर कडूपणा कसा घालवला ते लिहा. परसातलं चालेल, कुंडीतलं चालेल, बांधावरचं तर धावेल.

सुरुवात मीच करते. माझं सासर पेणजवळचं, तिथे जूनमध्ये शेवळं नाही खाल्ली तर पाऊस लागलाच नाही असं धरतात. कातकरी बायका जुड्या घेऊन दारावर येतात, त्यांच्याकडून काकडंही घ्यायचीच, ती छोटी हिरवी आंबट फळं, खाजेवर उतारा तोच. हाताला तेल लावून बसायचं, वरची जाड पानं काढायची आणि आतल्या दांड्यावर जो पिवळा दाणेदार भाग असतो तो खरवडून टाकायचा, घशाला खाज सुटते ती त्यानेच. बाकीचं अगदी बारीक चिरून तेलावर भरपूर परतायचं. काकडं ठेचून, पाण्यात कोळून, गाळून ते पाणी घालायचं, नसली तर चिंचेचा कोळ, पण सासूबाई चिंच बघून नाक मुरडतात. सोडे घातले तर प्रश्नच मिटला. जुडी मोठी दिसते हो, निवडून झाल्यावर वाटीभर उरतं, त्यामुळे पाहुणे बोलवायचे असतील तर विचार करून बोलवा.

खारातली कैरी
आमच्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मालवणच्या बाजूला. घरामागे झाडं आहेत, मे महिन्यात सगळी एकदम पिकतात आणि तेव्हाच आंबे उतरवायचे, फणस फोडायचे, मुंबईची मंडळी पण तेव्हाच हजर, त्यामुळे आईची चिडचिड ठरलेली. फळ फोडून बिया-गर वेगळा करायचा, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा. सालं उन्हात टाकायची, थोडी सुकली की त्या रसात बुडवून परत उन्हात, अशी पुटं देत राहायचं, रंग काळसर होईपर्यंत. बाजारातली आमसुलं फिकी निघतात ना, त्यात बहुतेक वेळा पुटंच कमी दिलेली असतात असं माझं मत. हे सगळं मिरगाच्या आत उरकायला हवं, एकदा हवा ओली झाली की सालांना बुरा आलाच म्हणून समजा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात अजिबात करू नका, रस आंबट असतो.

आणि बिया फेकू नका रे बाबांनो! धुऊन कडकडीत वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तेल तरंगतं ते काढून घ्यायचं, निवलं की थिजतं, मग मुठीत दाबून गोळे वळायचे. हे मुठेल. थंडीत टाचांच्या भेगांना आजी हेच लावते, दुकानातल्या क्रीमकडे बघतसुद्धा नाही.

पळकाटी
खान्देशातून. आमच्या भरताच्या वांग्यांबद्दल लिहू का, रानातलं नाही पण घरच्या वावरातलं आहे. गॅसवर भाजलेल्याला आमच्याकडे भरीत म्हणतच नाहीत, सॉरी. कपाशी निघाली की वाळलेल्या काड्या बाजूला ठेवतात, त्यांचा जाळ करून त्यात वांगी. आधी टोचे मारा, नाहीतर फुटतात. सालं काढून लाकडी बडगीत मुसळीने ठेचायचं, मिक्सरला लावलं की पेस्ट होते आणि चव जाते. बिया जास्त निघाल्या तर वांगं जून आहे, ते गुरांना. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून आणलेली.

टाकळा_म्हणजे_तायकिळो
@खारातली कैरी, गोव्यातही हेच, फक्त रातांब्यांना आम्ही भिणां म्हणतो. तायकिळ्याबद्दल एकच, अगदी कोवळा हवा, फुलं आली की सोडून द्या. जोडीला फणसाच्या आठळ्या आणि ओला नारळ. अळमी, म्हणजे रानातली अळंबी, मात्र स्वतः शोधायला जाऊ नका प्लीज, वारुळावरची कुठली खायची ते ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काढतात त्यांनाच कळतं. आम्ही गप पैसे मोजतो.

मोहटोळी
गडचिरोली. मार्च-एप्रिलात मोह पडतो तो पहाटे, ऊन चढायच्या आत वेचावा लागतो. आम्ही बाया मिळूनच जातो कारण अस्वलालाही मोह आवडते. काही लोक वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्याचाच पुढे वणवा होतो, मला याचा फार राग येते. खराट्याने झाडून घ्या नाहीतर जुनी लुगडी अंथरा, काही बिघडत नाही. फुलं वाळली की चोळून आतले केसर काढून टाकायचे, मग मंद आचेवर भाजून तीळ घालून कांडले की लाडू, गूळ लागतच नाही. बाहेर मोह म्हटलं की लोकांना फक्त दारूच आठवते, त्यांना हे लाडू खाऊ घालावे.

परदेशी पालेभाजी
न्यू जर्सीत राहते, हसू नका. इथे घोळ, आमच्या सोलापूरकडे चिघळ म्हणतात ती, बॅकयार्डमध्ये तण म्हणून उगवते, शेजारी उपटून फेकतात आणि मी मुगाची डाळ घालून खाते. पण तिच्यासारखंच जमिनीला चिकटून पसरणारं दुधी नावाचं तणही असतं (दुधी भोपळा नव्हे), ते खायचं नाही. ओळखायचं कसं तर देठ मोडायचा, पांढरा चीक आला की फेकून द्या, घोळीला चीक नसतो आणि पानं जाड, रसदार असतात. शिवाय लॉनवर औषध मारलंय का ते विचारूनच तोडा.

वालवड
अकोले तालुका. आमच्याकडे रानभाजीपेक्षा बी महत्त्वाचं. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे इथल्याच, कोंभाळण्याच्या, 2020 ला पद्मश्री जाहीर झाली त्यांना, पण बी जपायची रीत आमच्या घराघरातल्या म्हाताऱ्यांकडे होतीच. वालाच्या पहिल्या चांगल्या शेंगा तोडायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या. मग राखेत घोळवून मडक्यात भरायच्या, तोंड शेणाने लिंपायचं, कीड लागत नाही. घरात कुणी त्यातले मूठभर बिरड्याला मागितले तर आजी अंगावर येते.

गच्चीवाली
कर्टुली कुणी घरी लावलीत का? पुण्यात भाव ऐकून डोळे पांढरे होतात. माझ्या ड्रममधल्या वेलाला फुलं भरपूर पण फळ एकही नाही.

वालवड
@गच्चीवाली ताई, तो नर वेल असणार. कर्टुल्यात नर-मादी वेल वेगळे असतात. फुलाच्या मागे बारीक काटेरी कर्टुलं दिसलं तर मादी, नुसता देठ असला तर नर. उपटू मात्र नका, आता मादीचा कंद मिळवा आणि शेजारी लावा, आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो.