मारहाण झालेल्या मूलनिवासी स्त्रीला धूप हवा की पोलीस? (सातारकरांना उत्तर)

विनिपेगवासी: कॅनडाच्या शहरांतील मूलनिवासी कुटुंबांत मारहाण झाली, तर सरकारी पैशाने धूप जाळत बसण्यापेक्षा पोलीस, न्यायालय आणि निवारागृह पुरवावे, असे सातारकरांनी काल लिहिले. ते वाचून राहवले नाही. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या तेथील वसतिशाळांत दीड लाखांहून अधिक मुले घातली गेली, अनेकांना नेताना पोलीस सोबत होते आणि शेवटची शाळा नव्वदच्या दशकात बंद झाली. 2021 च्या जनगणनेनुसार पंधरा वर्षांखालील मुलांत मूलनिवासी 7.7 टक्के आहेत, फॉस्टर घरांतील, म्हणजे आईबापांपासून काढून परक्या कुटुंबांत ठेवलेल्या, मुलांत मात्र 53.8 टक्के. नवऱ्याने मारले हे सांगितले तर मुले जातील, अशी धास्ती असलेली बाई पोलिसांना फोन कशी करील? मी स्वयंसेवक असलेल्या निवाऱ्यात क्री या मूलनिवासी समाजातील एक स्त्री समुपदेशकाची फाइल उघडलेली पाहून गप्प बसली होती. शेजारच्या खोलीत ज्येष्ठ बाईंनी त्यांच्या शुद्धीच्या विधीप्रमाणे शिंपल्यात सेज या सुगंधी वनस्पतीची पाने पेटवली, तिने तो धूर ओंजळीने केसांवरून फिरवला आणि घराची कडी कशी तुटली ते आपणहून सांगितले.

सातारकर: ज्येष्ठांची बैठक म्हटले की मला जातपंचायत आठवते. माझ्या मावशीला अशाच ज्येष्ठांनी समजूत घालून पुन्हा त्याच नवऱ्याकडे पाठवले होते आणि तिच्या पाठीवरचे वळ आम्ही मुलांनी पाहिले आहेत. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. संस्कृतीच्या नावाखाली बाईला गप्प करणे मला कोणत्याही देशात मान्य नाही.

रेवा: आपल्या मावशींचे ऐकून वाईट वाटले, तरीही ही तुलना अन्यायाची आहे. जातपंचायत दंड ठोठावते, वाळीत टाकते. विनिपेगमध्ये 1984 पासून चालणाऱ्या ‘मा मावी वी ची इताता’ या मूलनिवासी कुटुंबांना आधार देणाऱ्या केंद्रासारख्या संस्थेची पायरी बाई स्वतःहून चढते. मूलनिवासी समाजाला आपली खाप पंचायत समजणे हा अडाणीपणा आहे.

सातारकर: अडाणी म्हणण्याआधी पंचायतीसमोर डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईचे तोंड पाहा. माझ्या आईने ते पाहिले आहे. वडीलधाऱ्यांपुढे ‘नाही’ म्हणता येत नाही, तेथे ‘स्वतःहून’ या शब्दाला काय किंमत?

जुना वकील: रेवाताई, शब्द आवरा. सातारकरांची शंका निराधार नाही. नव्वदच्या दशकात कॅनडात गुन्हेगाराची शिक्षा समाजाने वर्तुळात बसून ठरवण्याच्या पद्धतीला इनुइट या उत्तरेकडील मूलनिवासी समाजाच्या स्त्रियांच्या संघटनेनेच आक्षेप घेतला होता, कारण त्या वर्तुळात मारणाऱ्याचे नातेवाईकही बसत. परंतु तो न्यायदानाचा प्रश्न होता. येथे बाईला आधार देण्याचा प्रश्न आहे.

विनिपेगवासी: हा भेद मी आधीच लिहायला हवा होता. आमच्या निवाऱ्यात मारणाऱ्या पुरुषांचा गट वेगळ्या दिवशी, वेगळ्या इमारतीत भरतो आणि बाईच्या सुरक्षिततेची आखणी कोणत्याही विधीच्या आधी होते. आणखी एक गोष्ट सातारकरांनी ध्यानात घ्यावी. विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबात 2020 पर्यंत, गरोदर बाईबद्दल आधीच इशारा नोंदलेला असला, तर बाळ जन्मताच रुग्णालय बालकल्याण खात्याला कळवीत असे. तुम्ही सुचवलेल्या सरकारी दारामागे तिच्यासाठी हे उभे होते.

सातारकर: ही रुग्णालयाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मारणारा त्याच खोलीत बसणार नसेल, तर केंद्राला माझा विरोध नाही. पण ‘संसार सांभाळ’ असे एकाही ज्येष्ठाने म्हटले, तर त्याचे अनुदान त्याच दिवशी बंद व्हावे.

रेवा: ही अट मलाही मान्य आहे. ‘अडाणीपणा’ हा शब्द मी मागे घेते. तुलना मात्र चूकच होती.